मातीचे इंजिन

खेळण्यातील आगगाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. एखाद्या प्रदर्शनात मोठ्या मेजावर वळणावळणाचे इवलेसे रूळ मांडलेले असतात. बाजूला हातभर उंचीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी कोळशाची खाण, खाणीच्या तोंडावर दोरीने वरखाली होणारा पाळणा आणि कोळसा भरून घेण्यासाठी उभे असलेले लहान डबे, असा सारा देखावा हुबेहूब उभा केलेला असतो. तो पाहताना लहानथोर सारेच रंगून जातात. अशीच एक चिमुकली खाण दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडातील दोन गरीब मुलांनी तयार केली होती. तिच्यात सर्व काही होते. फक्त आगगाडी नव्हती. कारण त्या वेळी वाफेच्या जोरावर रुळांवरून धावणारी गाडी जगात कोठेच नव्हती. ती गाडी ज्याने पुढे लोकांच्या नित्याच्या उपयोगात आणली, तो ह्या दोन मुलांपैकीच एक होता. त्याचे नाव जॉर्ज स्टीफन्सन.

जॉर्जचा जन्म इ. स. १७८१ च्या जून महिन्याच्या ९ तारखेस उत्तर इंग्लंडातील वायलम ह्या गावी झाला. टाईन नदीच्या काठचे हे खेडे न्यूकॅसल शहरापासून आठनऊ मैलांवर आहे. हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. जॉर्जचा बाप खाणीवरील वाफेच्या पंपाच्या भट्टीत कोळसा घालण्याचे काम करीत असे. आठवड्याची मजुरी १२ शिलिंग आणि घरात सहा मुले. चार कुटुंबे राहत असलेल्या एका घरातील एकच खोली त्यांच्या वाट्यास आली होती. तिची जमीन मातीची होती आणि भिंतींना गिलावाही नव्हता. पोटाची खळगी भरतानाच जेथे ओढाताण होई, तेथे मुलांना शाळेत घालण्याची गोष्टच नको! घराच्या दारावरूनच लाकडी रुळांचा एक मार्ग गेलेला होता. कोळशाने भरलेले डबे घोडे त्या मार्गावरून नदीपर्यंत ओढून नेत. धाकट्या भावंडांना त्या घोड्यांच्या पायांखाली जाऊ न देणे, हेच जॉर्जचे पहिले काम होते.

जॉर्ज आठ वर्षांचा झाला, तेव्हा त्याचे कुटुंब ड्यूली बर्न येथे राहावयास गेले. तेथे एका विधवा बाईच्या गाई राखण्याचे काम त्याला मिळाले. गाईंना डब्यांच्या मार्गावर जाऊ द्यावयाचे नाही आणि रात्री सारे डबे निघून गेले, म्हणजे फाटके लावून घ्यावयाची. ह्या कामाबद्दल त्याला दिवसाला दोन पेन्स मिळत. गाई चरू लागल्या, की जॉर्जला मोकळा वेळ सापडे. हा वेळ तो झोपेत घालवीत नसे. बिल थर्लवॉल नावाच्या आपल्या सोबत्याला घेऊन तो जवळच्या दलदलीतील चिकणमाती आणी आणि तिची इंजिने करी. बाप ज्या इंजिनाजवळ राबत असे, ते त्याने अनेकदा डोळे भरून पाहिले होते. त्याचा कोणता भाग कोठे असतो, हे तो आठवून आठवून मातीत उतरवी. वाफेच्या नळ्या म्हणून ओढ्याकाठच्या झुडपांच्या पोकळ काड्या त्याला पुरत.

माती आणि काड्या ह्यांवर मुलांचे समाधान झाले नाही. खऱ्या खाणीत इंजिन नुसते उभे नसते; ते काम करते. खाण म्हणजे विहिरीसारखा खोल उभा खड्डा. त्याच्या तळापासून चहूकडे बोगदे गेलेले असतात. तेथे खणलेला कोळसा वर आणण्यासाठी त्या काळी मोठमोठ्या टोपल्या दोराला बांधून खाली सोडीत. वरच्या बाजूस एक मोठे रहाट असे. ते फिरले, की दोर गुंडाळला जाई आणि भरलेली टोपली वर येई. हे सारे आपल्या हातांनी करून पाहावे, असे मुलांच्या मनाने घेतले. त्यांनी बाटल्यांची बुचे आतून कोरून टोपल्या केल्या. सुतळीचे दोर केले. सुताराच्या कामठ्यात पडलेले लाकडाचे तुकडे वेचून आणून रहाट उभे केले. ही चिमुकली खाण त्यांनी बिलच्या घरासमोरील बाकावर मांडली. बुचाच्या टोपल्या खाली जाऊ लागल्या आणि वर येऊ लागल्या. कामावरून परतणारे खाणकामगार थांबून हा खेळ पाहत आणि मुलांचे कौतुक करीत.

परंतु हा आनंद फार दिवस टिकला नाही. एके दिवशी भल्या पहाटे कोणा खोडसाळ माणसाने ती नाजूक रचना मोडूनतोडून टाकली. मुलांना अतिशय वाईट वाटले. इतक्या खटपटीने उभारलेले खेळणे क्षणात नाहीसे झाले होते. पण ते करताना त्यांच्या हातांना आणि डोळ्यांना जे कळले होते, ते कोणाला मोडता येण्यासारखे नव्हते. ही गोष्ट इ. स. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टीफन्सनच्या चरित्रात सांगितलेली आहे.

गाई राखता राखता जॉर्ज मोठा झाला. काही दिवस त्याने शेतात खुरपणी केली. पुढे कोळशातील दगड निवडण्याचे काम त्याला मिळाले. चौदाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली भट्टीवर कामास लागला. दिवसाला एक शिलिंग मिळू लागला. सतराव्या वर्षी तर त्याच्याकडे पंपाच्या यंत्राची देखभाल सोपविण्यात आली. बाप त्याच यंत्राच्या भट्टीत कोळसा घाली आणि मुलगा यंत्र चालवी. शनिवारी खाण बंद झाली, की इतर लोक करमणुकीसाठी निघून जात. जॉर्ज मात्र यंत्राचा एक एक भाग सोडवी, तो पुसून स्वच्छ करी, नीट न्याहाळी आणि पुन्हा जागच्या जागी बसवी. लहानपणी मातीच्या इंजिनाचे भाग तो जसे जुळवी, तसेच आता तो लोखंडाच्या इंजिनाचे जुळवू लागला.

ह्याच सुमारास आपल्यातील एक मोठे वैगुण्य त्याच्या ध्यानी आले. अधिक सुधारलेल्या यंत्रांची वर्णने पुस्तकांत आहेत, असे त्याच्या कानांवर आले होते. पण ती पुस्तके वाचावयाची कशी? अठरा वर्षांच्या ह्या तरुणास एकही अक्षर ओळखता येत नव्हते. स्वतःचे नावसुद्धा लिहिता येत नव्हते. लहान मुलांबरोबर अक्षरे गिरविण्यास त्याला लाज वाटली नाही. दिवसाचे बारा तास राबून तो आठवड्यातून तीन रात्री शाळेत जाऊ लागला. त्याकरिता आठवड्याला तीन पेन्स फी पडे. एकोणिसाव्या वर्षी त्याने आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले. गणिताची तर त्याला गोडीच लागली. पंतोजींनी घातलेली उदाहरणे तो दिवसा भट्टीच्या उजेडात पाटीवर सोडवी आणि संध्याकाळी तपासून घेई.

इ. स. १८०२ मध्ये जॉर्जचे लग्न झाले. पुढच्या वर्षी त्याला रॉबर्ट नावाचा मुलगा झाला. परंतु सुखाचे दिवस थोडेच होते. एक लहानगी मुलगी जन्मल्यावर काही आठवड्यांतच वारली. इ. स. १८०६ मध्ये पत्नी क्षयाने गेली. लवकरच बापाच्या डोळ्यांवर यंत्राची वाफ येऊन त्याची दृष्टी कायमची नाहीशी झाली. बापाचे कर्ज जॉर्जने फेडले आणि आईबापांना आपल्याजवळ आणून ठेवले. एवढ्याने भागेना, म्हणून खाणीतील काम संपल्यावर तो शेजाऱ्यांचे जोडे शिवी आणि घड्याळे दुरुस्त करी. आपल्याला जे शिक्षण मिळाले नाही, ते रॉबर्टला मिळाले पाहिजे, ह्या निश्चयाने तो पै पै साठवीत होता.

पुढे रॉबर्ट गाढवावर बसून न्यूकॅसलच्या शाळेत जाऊ लागला. संध्याकाळी परत येताना तो नवे ज्ञान बरोबर आणी आणि बापलेक एकाच दिव्याशी बसून अभ्यास करीत. दोघांनी मिळून एक सूर्यघड्याळ तयार केले आणि इ. स. १८१६ मध्ये आपल्या घराच्या दारावर बसविले.

ह्या वेळी जॉर्ज किलिंगवर्थच्या खाणीवर कामास होता. तेथे एक नवी खाण खोदण्यात आली होती. पण ती पाण्याने भरली. पाणी उपसण्यासाठी बसविलेले मोठे यंत्र एक वर्षभर चालूनही खाण कोरडी होईना. नामांकित कारागिरांनी हात टेकले. जॉर्ज येताजाता ते यंत्र पाही व विचार करी. आपण हे दुरुस्त करू, असे तो सांगू लागला. हा साधा मजूर काय करणार, अशी शंका अनेकांना आली. तथापि इ. स. १८११ मध्ये त्याला संधी देण्यात आली. ते यंत्र वाफेवर चाले. आतील वाफेवर थंड पाण्याचा फवारा सोडून ती निवविली, म्हणजे तिथे पोकळी होई आणि त्या पोकळीच्या बळावर दट्ट्या ओढला जाई. फवारा पुरेसा जोरात येत नाही, हे जॉर्जने हेरले होते. त्याने पाण्याची टाकी उंच नेली, पाणी आत सोडणारी तोटी मोठी केली आणि इतरही काही फेरफार केले. यंत्र सुरू झाले आणि काही दिवसांतच खाण कोरडी झाली. त्याला १० पौंड बक्षीस मिळाले. पुढील वर्षी त्या खाणीवरील सर्व यंत्रांचा प्रमुख म्हणून वर्षाला १०० पौंडांवर त्याची नेमणूक झाली.

आता त्याला मोठा प्रयोग करता येणार होता. वाफेवर चालणारे फिरते इंजिन रिचर्ड ट्रेव्हिथिक ह्याने इ. स. १८०४ मध्येच रुळांवर चालवून दाखविले होते. इतरांनीही प्रयत्न केले होते. पण ती इंजिने घोड्यांपेक्षा स्वस्त पडत नव्हती आणि वारंवार बिघडत. स्टीफन्सनने त्यांचा अभ्यास केला आणि खाणीच्याच कारखान्यात लोहाराच्या मदतीने आपले इंजिन घडविले. इ. स. १८१४ च्या जुलैमध्ये ते रुळांवर आले. त्याने आठ डब्यांतील ३० टन वजन चढणीवरून ताशी चार मैल वेगाने ओढून नेले.

परंतु खाणीत ह्याहूनही बिकट असा एक प्रश्न होता. कोळशाच्या थरांतून एक ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. त्याला मिथेन म्हणतात. तो हवेत मिसळला आणि त्याच्याजवळ उघडी ज्योत गेली, की भयंकर स्फोट होतो. जमिनीखालच्या काळोखात दिव्यावाचून काम होईना आणि दिवा नेला, तर प्राण जाण्याची भीती! इ. स. १८१२ च्या मे महिन्यात न्यूकॅसलजवळच्या फेलिंग येथील खाणीत असा स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मरण पावली. जॉर्ज खाणकामगारांतच वाढलेला होता. ह्या दुःखाची झळ त्याला जवळून लागली होती.

त्याने पुन्हा आपली जुनीच रीत धरली. आधी लहान प्रमाणावर करून पाहावयाचे, मग मोठे. खाणीतील वायू त्याने फुग्यांसारख्या पिशव्यांत भरून घरी आणला आणि ज्योतीजवळ थोडा थोडा सोडून पाहिला. ज्योत अरुंद नळीतून मागे येऊ शकत नाही, असे त्याला आढळले. मग त्याने एक दिवा करविला. ज्योतीभोवती काच होती आणि हवा आत येण्यासाठी खालून अरुंद नळी होती. परंतु घरातील प्रयोग आणि खाणीतील कसोटी ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते.

इ. स. १८१५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २१ तारखेस रात्री स्टीफन्सन दोन सहकाऱ्यांना घेऊन खाणीत उतरला. खडकाच्या भेगेतून जेथे तो वायू सूं सूं करीत बाहेर पडत होता, तेथे जावयाचे होते. सहकारी काही अंतरावर थांबले. ज्याने दिवा केला, त्यानेच धोका पत्करावा, असे स्टीफन्सनने ठरविले होते. दिवा चुकला, तर तो स्वतः आणि मागे थांबलेले सोबतीही परत येणार नव्हते. घरी बारा वर्षांचा रॉबर्ट होता. पेटलेला दिवा हाती घेऊन तो एकटाच पुढे गेला आणि त्याने तो भेगेसमोर धरला. ज्योत एकदम मोठी झाली, थरथरली आणि विझली. स्फोट झाला नाही. त्याने सोबत्यांना जवळ बोलाविले आणि पुन्हा पुन्हा प्रयोग करून खात्री करून घेतली.

त्याच सुमारास सर हम्फ्री डेव्ही ह्या थोर शास्त्रज्ञाने तारेच्या जाळीचा रक्षक दिवा तयार केला. दोघांनी आपापल्या वाटेने शोध लावला होता. डेव्हीस २००० पौंडांचे पारितोषिक मिळाले, तर स्टीफन्सनला अवघे १०० गिनी देण्यात आले. एका अडाणी यंत्रकामगाराला असा शोध लागणे शक्यच नाही. त्याने कल्पना चोरली असावी, असेही काहींनी म्हटले. हा आळ त्याला फार लागला. लहानपणी खेळणे मोडले गेले होते. आता त्याच्या सचोटीवरच घाव पडला होता. परंतु त्याला ओळखणारे लोक पुढे आले. त्यांनी चौकशी केली, साक्षी घेतल्या आणि इ. स. १८१८ मध्ये न्यूकॅसल येथे त्याला १००० पौंडांची थैली अर्पण केली. इ. स. १८३३ मध्ये पार्लमेंटच्या समितीनेही ह्या शोधावर त्याचा हक्क डेव्हीइतकाच असल्याचे मान्य केले.

ह्यानंतर स्टीफन्सनचे नाव आगगाडीशी कायमचे जोडले गेले. इ. स. १८२५ च्या सप्टेंबरच्या २७ तारखेस स्टॉक्टन ते डार्लिंग्टन हा लोहमार्ग सुरू झाला. त्या दिवशी स्टीफन्सनने स्वतः चालविलेल्या इंजिनाने कोळशाबरोबर शेकडो माणसेही ओढून नेली. त्याच वर्षी लिव्हरपूल ते मँचेस्टर ह्या मार्गाची योजना पार्लमेंटपुढे आली. तेथे वकिलांनी त्याची उलटतपासणी घेतली. त्याच्या ग्रामीण बोलीची थट्टा झाली. हाताखालच्या लोकांनी केलेल्या मोजणीत चुकाही निघाल्या आणि ती योजना फेटाळली गेली. पण तो खचला नाही. पुढच्या वर्षी योजना मंजूर झाली आणि काम त्याच्याकडेच आले. वाटेत चॅट मॉस नावाची अफाट दलदल होती. तेथे घातलेला भराव गडप होई. त्याने झुडपे व फांद्या विणून त्यांच्या चटया अंथरल्या आणि त्या तरंगत्या पायावर रूळ टाकले. बालपणी ज्या दलदलीतून तो खेळण्यासाठी माती आणी, तशीच दलदल आता त्याची परीक्षा पाहत होती.

ह्या मार्गासाठी उत्तम इंजिन निवडण्याकरिता इ. स. १८२९ च्या ऑक्टोबरमध्ये रेनहिल येथे ५०० पौंडांची शर्यत ठेवण्यात आली. स्टीफन्सन पितापुत्रांचे रॉकेट इंजिन तीत विजयी झाले. त्याची बांधणी रॉबर्टच्या देखरेखीखाली झाली होती. त्याच्या बाष्पपात्रातून अनेक नळ्या नेलेल्या असल्यामुळे पाणी झपाट्याने तापे आणि वाफ भरपूर निघे. ताशी सुमारे २९ मैलांचा वेग त्याने गाठला. तेव्हाच्या लोकांना ते स्वप्नच वाटले. पुढील वर्षी, इ. स. १८३० च्या सप्टेंबरच्या १५ तारखेस, हा मार्ग सुरू झाला. त्या आनंदाच्या दिवशीही एक दुःखद घटना घडली. विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद इंजिनाखाली सापडून मृत्यू पावले. नव्या शक्तीबरोबर नवी सावधगिरीही शिकावी लागते, हा धडा त्या दिवशी जगाला मिळाला.

इ. स. १८४८ च्या ऑगस्टच्या १२ तारखेस चेस्टरफील्ड येथे स्टीफन्सनचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, इ. स. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस, मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याकडे प्रवाशांची पहिली गाडी सुटली. हा २१ मैलांचा मार्ग बांधणारे प्रमुख अभियंते जेम्स बर्कली हे रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेले होते. अशा रीतीने खाणकामगाराच्या त्या मुलाची विद्या मुलाकडून शिष्याकडे आणि तेथून आपल्या सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत येऊन पोहोचली.

बुचाच्या टोपल्यांची ती खाण कोणी मोडली, हे कोणालाच कळले नाही. मोडणाऱ्याला एवढेच दिसले होते, की ते पोरांचे खेळणे आहे. बाकावर सुतळी आणि लाकडाचे तुकडे तेवढे उरले. पण पाहावे, समजून घ्यावे, हातांनी करून पाहावे आणि चुकले तर पुन्हा करावे, ही जी सवय त्या खेळाने लावली, ती जॉर्ज स्टीफन्सनजवळ शेवटपर्यंत राहिली. खाणीच्या काळोखात दिवा धरून तो उभा राहिला, तेव्हा हीच सवय त्याच्या सोबतीला होती.